भिंत उघडी आहेच तर...

घराचं वायरिंग बदलायला काढलं की घरातल्या प्रत्येकाला भिंतीत काहीतरी घालायचं सुचतं. देवगड तालुक्यातलं आमचं घर आजोबांच्या वेळचं, चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, आणि वायरिंग म्हणजे लाकडी पट्टीवरून गेलेल्या, दर गणपतीला वरून चुना मारून मारून पांढऱ्या झालेल्या वायरी. त्या काढायच्या आणि भिंतीत पाईप घालायचे, एवढंच ठरलेलं होतं. तेवढ्यात दादाने पुण्याहून व्हॉट्सअपवर एक कोटेशन टाकलं, कोल्हापूरच्या कोणा ओळखीच्या एव्हीवाल्याकडचं, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओची कामं करणाऱ्याकडचं, वरती मोठ्या अक्षरात 'होल हाऊस व्हिडिओ डिस्ट्रिब्यूशन', म्हणजे एका जागेवरून घरभर व्हिडिओ, आणि खाली मॅट्रिक्स, रिसीव्हर, रॅक, कंट्रोलर, सहा टीव्हीचे पॉइंट. आणि दादाची एक ओळ, "भिंत उघडी आहेच तर करून टाकू." शेवटचा आकडा बघून मी फोन पालथा ठेवला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माका एक टीव्ही धड लावूक येना नाय, सहा खंय ठेवतलास?"

पण मी तसं लगेच उडवून लावलं नाही. एकतर दादा पैसे घालणार होता, आणि दुसरं म्हणजे मला अशा गोष्टींचा नाद आहे. मग बसून वाचलं, ओळखीच्या दोघातिघांना फोन केले, आणि घरात प्रत्येकाला पिडलं की बाबा तू नक्की काय बघतोस, कुठे बसून बघतोस.

भानगड साधारण अशी असते. सेटटॉप बॉक्स, स्ट्रीमिंगचं डबडं, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, असेल तर एखादा कॉम्प्युटर, हे सगळं एका कपाटात ठेवायचं, त्यालाच रॅक म्हणतात. मधे एक मॅट्रिक्स, म्हणजे समजा चार इनपुट आणि सहा आउटपुट असलेला खोका. कुठलंही इनपुट कुठल्याही खोलीत जाऊ शकतं, किंवा एकच सगळीकडे जाऊ शकतं. खोलीत फक्त भिंतीवर टीव्ही, खाली डबडी नाहीत, लोंबणाऱ्या वायरी नाहीत. दिसायला छान दिसतं यात वाद नाही. हॉटेलांमधे आणि बारमधे जिथे मॅच आठ स्क्रीनवर एकदम चालू असते तिथे असलंच काहीतरी मागे असतं.

आणि खरं सांगायचं तर आमच्या वाडीत हे पूर्वीही होतंच की. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर खळ्यात पिक्चर लावायचे ते दिवस ज्यांनी बघितलेत त्यांना आठवत असेल, टीव्ही एक, व्हीसीआर एक, माणसं पन्नास, त्यात एखाद्या हुशार माणसाने आतल्या माजघरात दुसरा टीव्ही लावून मधे वायर ओढलेली असायची कारण बायकांना खळ्यात थंडी वाजते. व्हीसीआरचं आउटपुट अँटेनाच्या वायरवरूनच जायचं, त्यामुळे ती वायर फोडून दोन टीव्हीला दिली की झालं. नंतर केबल आली तेव्हा तर आमच्या चुलतभावाने स्प्लिटरचे पैसे वाचवायला वायर सोलून नुसती पिळून वर काळी पट्टी गुंडाळली होती, आणि पिक्चरमधे प्रत्येक माणसाच्या बाजूला त्याचंच एक फिकट भूत उभं असायचं. चालायचं पण. कोणाची तक्रार नव्हती.

तेव्हा वाटून घ्यायला कारण होतं. व्हीसीआर महाग, कनेक्शन एकच, पुढे डिशचा बॉक्सही एकच. २००३-०४ च्या आसपास डीटीएच आलं, त्यातच दूरदर्शनची महिन्याचं भाडं नसलेली डिश आली, तेव्हाही एका घरात दुसरा बॉक्स म्हणजे चैन होती. जे महाग ते एक ठेवायचं आणि तिथून वाटायचं, हा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. आता उलटं झालंय. पाटाच्या आकाराचा स्वस्तातला टीव्ही घेतला तरी त्याच्या पोटातच सगळी अ‍ॅप असतात, त्याला कपाटातून काही आणून द्यावं लागत नाही, वायफाय दिलं की तो आपलं आपण बघतो. म्हणजे दादाचा एव्हीवाला आम्हाला जे वाटायची मशीन विकत होता ते वाटण्यासारखं राहिलंच आहे किती, हा माझा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, बघणार कोण. वर्षातले बहुतेक महिने या घरात आई आणि काका असे दोघंच असतात. आईच्या मालिका संध्याकाळी सातनंतर, त्याही पडवीतल्या टीव्हीवर, कारण बघता बघता तिला दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला "खंय चललंस" विचारायचं असतं. तिचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेला आहे, चालूबंदच्या बटनावर वहिनीने लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, आणि चॅनल बदलायच्या बटनावर दुसरा. बाकीची बटनं तिच्यासाठी नाहीतच. काका बातम्या बघतात त्या मोबाईलवर, खळ्यात खुर्ची टाकून, आवाज पूर्ण मोठा, म्हणजे होल हाऊस ऑडिओ तरी आमच्याकडे आहेच. बाकी घर भरतं ते गणपतीत, मे महिन्यात आणि शिमग्याला. मे महिन्यात पोरं घरात असतातच कुठे, आणि रात्री ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा फोन.

मग मी दादाला विचारलं की गेल्या वर्षात घरातल्या दोन खोल्यांना एकाच वेळी एकच पिक्चर हवं होतं असं कधी झालं ते सांग. तो जरा थांबला आणि म्हणाला, "फायनल."

आता हे मात्र बरोबर होतं. २९ जून २०२४, वर्ल्डकपची फायनल, बार्बाडोसला, आपल्याकडे रात्री आठपासून. घरात कार्य होतं म्हणून आम्ही बरेच जण गावी होतो. मोठी माणसं पडवीत डिशवर बघत होती, पोरं वर माळ्यावरच्या खोलीत अ‍ॅपवर. स्ट्रीमिंगवरचा लाइव्ह हा डिशच्या मागे असतो, कधी दहावीस सेकंद, कधी अर्धा मिनिट, कारण इंटरनेटवर व्हिडिओ छोटे छोटे तुकडे करून येतो आणि तुमचा टीव्ही थोडे तुकडे साठवल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही. शेवटच्या ओव्हरला हार्दिक पंड्या वर अजून बॉल पुसत होता आणि खाली पडवीत घर डोक्यावर घेतलं. मिलरचा कॅच पोरांनी आधी ऐकला आणि मग बघितला, सूर्यकुमारने बाउंड्रीवर बॉल आत फेकला, बाहेर गेला, परत आत येऊन घेतला, आणि हे सगळं होताना वरच्या खोलीत एकही माणूस दचकला नाही कारण निकाल जिन्यावरून वर आलेला होता. पुतण्या अजून सांगतो की माझी फायनल तुम्ही खाल्लीत.

तर एकाच क्षणी सगळीकडे तेच दिसणं, हे मॅट्रिक्सचं खरं काम. एकाच बॉक्समधून निघालेलं पिक्चर सगळ्या खोल्यांत बरोबर पोचतं, ते वेगवेगळ्या टीव्हीतल्या वेगवेगळ्या अ‍ॅपला जमत नाही. हा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला. पण त्याच्याच खाली हेही लिहिलं की माळ्यावर दुसरा डिशचा बॉक्स लावला असता, एकाच घरात दुसरा टीव्ही म्हणून स्वस्तात मिळतो तो, तर फरक इतका राहिला नसता. आणि त्याहून सोपं म्हणजे पोरांनी खाली यायचं होतं. आली नाहीत कारण खाली काका असतात आणि काका कॉमेंट्री करतात.

बाकी टेक्निकल भाग. एचडीएमआयची साधी तांब्याची वायर लांब जात नाही. फोर के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्र, आणि तेही सेकंदाला साठ फ्रेम म्हटलं की सेकंदाला १८ गिगाबिटचा माल त्यातून जायचा असतो, पाचसात मीटरच्या पुढे साधी वायर कधी चालेल कधी नाही, आणि पडवीपासून मागच्या पडवीपर्यंत आमचं घर लांबलचक. म्हणून मग एचडीबेसटी नावाचा प्रकार वापरतात, नेटवर्कच्या कॅट सिक्स वायरवरून व्हिडिओ नेतात, साध्या फुल एचडीला १०० मीटरपर्यंत, फोर के असेल तर त्याहून कमी. दोन्ही टोकांना डबडी, टीव्हीकडचं ते रिसीव्हर. किंवा सगळं नेटवर्कवरूनच पाठवायचं, पण घरातलं साधं नेटवर्क १ गिगाबिटचं असतं, १८ चा माल त्यात कोंबायचा तर तो पिळून बारीक करावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला परत फुलवावा लागतो. नाहीतर नेटवर्कच्या वायरी जोडायचा १० गिगाबिटचा स्विच घ्या, मग पिळावं थोडंच लागतं, पण तो महाग असतो आणि त्याचा पंखा रात्रभर घुंई घुंई करतो.

त्यात दोन गमती अशा आहेत ज्या कोटेशनमधे कोणी लिहीत नाही. एक म्हणजे टीव्ही वायर जोडल्या जोडल्या बॉक्सला आपली कुंडली सांगतो, मी एवढ्या रिझोल्यूशनचा, मला असा आवाज चालतो. एकाच बॉक्सचं पिक्चर सहा टीव्हींना द्यायचं म्हटलं की बॉक्सला सगळ्यांना झेपेल असंच काहीतरी काढावं लागतं. म्हणजे माळ्यावर जुना ३२ इंची लावलात तर पडवीतला नवा फोर के टीव्हीसुद्धा त्याच्याच पातळीवर उतरतो, नाहीतर मग पिक्चर बारीक-मोठं करणारं जास्त महाग मॅट्रिक्स घ्या. दुसरी म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून टाकलेलं कुलूप, एचडीसीपी. बॉक्स, मॅट्रिक्स, रिसीव्हर, टीव्ही, या साखळीतल्या प्रत्येकाने एकमेकांना ओळख पटवायची, आणि फोर केसाठी बहुतेक ठिकाणी २.२ नंबरचं कुलूप लागतं, त्यात एक जरी जुना गडी मधे असला की स्क्रीन काळी. काही मोडलेलं नसतं. नुसती ओळख पटलेली नसते. आता ही काळी स्क्रीन जुलैमधे संध्याकाळी सात वाजता आईसमोर आली, बाहेर पाऊस कोसळतोय, तर ती मला फोन करणार, मी ठाण्याहून तिला सांगणार की माळ्यावर जा, रॅक बंद करून चालू कर, आणि आईच्या गुडघ्यांना माळ्याचा जिना. कणकवलीहून माणूस येईपर्यंत मालिकेत लग्न होऊन घटस्फोट झालेला असेल.

काकांचा आक्षेप वेगळाच होता आणि मला तो जास्त पटला. ते म्हणाले, "पाऊस इलो की तुझो रॅक काय करतलो?" काकांनी या घरात मशीन मरताना बघितली आहेत. कोकणात वस्तू वापरून जेवढ्या बिघडत नाहीत तेवढ्या न वापरून बिघडतात. चार महिने भिंतीला ओल, चपलांना बुरशी, कपाटातल्या कपड्यांना वास, आणि बंद पडून असलेल्या यंत्राच्या पट्टीवर हिरवट थर, कारण समुद्र जवळ आणि वारा खारा. चालू असलेलं यंत्र निदान गरम राहतं. वर्षातून दहाबारा दिवस लागणारा रॅक बाकी वर्षभर चालू ठेवायचा की बंद? चालू ठेवला तर विजेचं बिल आणि एप्रिल-मे मधे कौलाखालची भट्टी, बंद ठेवला तर ओल. शिवाय पाली. इन्व्हर्टरच्या बोर्डावर पाल चिकटून शॉर्ट झालेला आम्ही काढलाय, त्या वासाचं वर्णन करत नाही.

आणि विजा. मे अखेर आणि ऑक्टोबर, पाऊस यायच्या आणि जायच्या वेळी आमच्याकडे आकाश फुटतं. गडगडायला लागलं की आई घरभर फिरून प्लग काढते, आणि टीव्हीचा नुसता प्लग नाही, मागची डिशची वायर पण पिळून सोडवते, हे तिला कोणी शिकवलेलं नाही, एक टीव्ही गेल्यावर आलेलं शहाणपण आहे. वीज जवळपास पडली की झटका विजेच्या तारेतूनच येतो असं नाही, डिशच्या वायरीतूनही येतो, नेटच्या तांब्याच्या वायरीतूनही येतो. आता प्रत्येक खोलीतला टीव्ही वेगळा असेल तर एक जातो. सगळे टीव्ही तांब्याच्या वायरींनी एका खोक्याला बांधलेले असतील तर तो झटका खोक्यातून सहाही खोल्यांत फिरून येऊ शकतो, आणि एचडीएमआयचं पोर्ट फार नाजूक असतं. अर्थिंग चांगलं घ्या म्हणतात सगळे. बरोबरच आहे, पण जांभ्या दगडात अर्थिंग मिळणं हा एक वेगळाच उद्योग आहे, कोळसा-मीठ घालून खड्डा करा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, तरी मीटर बघून वायरमन मान हलवतो. नवीन वायरिंगच्या खर्चात मला सगळ्यात आधी पैसे घालायचे होते ते इथे, आणि दादाच्या कोटेशनमधे त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

मे २०२१ मधे तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेलं तेव्हा देवगड, मालवण, वेंगुर्ले सगळीकडे खांब आडवे झाले होते. आमच्याकडे वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती, आणि घरात चालू असलेली एकच वस्तू म्हणजे काकांचा सेलवरचा ट्रान्झिस्टर. वादळ रोज येत नाही हे मला कळतं. पण इन्व्हर्टरवर काय घ्यायचं ठरवताना मी पंखे, दिवे, विहिरीचा नाही पण पिण्याच्या पाण्याचा छोटा पंप आणि फायबरचा राऊटर घेतला, आणि रॅकचं नाव त्या यादीत कुठे बसवायचं तेच मला कळेना.

वायफायचं म्हणाल तर तेही आपोआप होत नाही हां. जाड चिऱ्याची भिंत, त्यातून एकदा सिग्नल जातो, दोनदा जाताना मरतो. फोर केचं स्ट्रीमिंग म्हणजे साधारण १५ ते २५ एमबीपीएस, फायबरला ते काहीच नाही, पण राऊटर पडवीत आणि टीव्ही मागच्या खोलीत असेल तर तिथपर्यंत पोचतं काय हा प्रश्न. म्हणून वायर हवीच, फक्त ती व्हिडिओची नको, नेटची हवी. यावर आमच्या वायरमनचं आणि माझं लगेच जमलं. त्याने आणलेल्या वायरचं टोक मी ब्लेडने खरवडून बघितलं, आतून पांढरी निघाली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती परत पाठवली. खाऱ्या हवेत असली वायर जोडाला मोडते. वायरमन जरा नाराज झाला पण दुसऱ्या खेपेला पूर्ण तांब्याची घेऊन आला, तीनशेपाच मीटरचं खोकं, आणि स्वतःच मला खरवडून दाखवली.

एवढं होईपर्यंत माझ्या डोक्यात नकार पक्का झाला होता. तेव्हा वहिनी बोलली.

वहिनी या सगळ्यात गप्प होती, कारण तिच्या मते टीव्हीवर बोलायला घरात माणसं कमी नाहीत. ती म्हणाली, मला पिक्चर नको, मॅच नको. गणपतीत संध्याकाळची आरती होते, भजनी मंडळं येतात, घुमून घुमून म्हणतात, तुम्ही सगळे पडवीत, आणि आम्ही तिघी मागे चुलीपाशी, मोदक वाफेवर, वाटाण्याची उसळ ढवळायची, भजनाच्या लोकांचा चहा, किती कप किती कप असं दर पाच मिनिटांनी कोणीतरी ओरडत येतं. गणपतीवरची माटवी कशी बांधली ते मी फोटोत बघते. मला स्वयंपाकघरात पडवी दिसू दे, बस.

कोणीच काही बोललं नाही. दादाने कोटेशनच्या सहा पॉइंटमधे स्वयंपाकघर धरलेलंच नव्हतं. मीही माझ्या त्या सगळ्या चौकशीत, कोण काय बघतं कुठे बसून बघतं, तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की मी काही बघत नाही, आणि मी तसंच लिहून घेतलं होतं. एका खोलीतलं चित्र दुसऱ्या खोलीत नेण्याची या घरातली एकुलती एक खरी गरज ही निघाली, आणि तिला मॅट्रिक्स लागत नाही. पडवीच्या कोपऱ्यात एक कॅमेरा, नेटच्या वायरवरूनच त्याला वीज, आणि स्वयंपाकघरात, चुलीच्या धुरापासून लांब, पाणी उडणार नाही अशा उंचीवर एक छोटा स्क्रीन. कॅमेऱ्याचं चित्र घरातल्या घरात फिरायला बाहेरचं इंटरनेटसुद्धा लागत नाही. (याहून स्वस्त उपाय म्हणजे एक संध्याकाळ दादाने आणि मी मोदक वाफवायचे, हेही वहिनीने सुचवलं, पण मोदक फुटतील या कारणाने तो ठराव बहुमताने पडला. बहुमत कोणाचं ते सांगायला नको.)

तर शेवटी भिंतीत काय गेलं ते सांगतो. पडवी, माजघर, स्वयंपाकघर, दोन्ही झोपायच्या खोल्या आणि माळा, प्रत्येक ठिकाणी मोठ्या व्यासाचा रिकामा राहील असा पाईप, विजेच्या पाईपापासून फूटभर अंतर सोडून, वळणं कमीत कमी आणि जिथे वळण तिथे उघडता येईल अशी पेटी. प्रत्येक पाईपात दोन कॅट सिक्स, आणि एक नायलॉनची दोरी नुसती सोडून ठेवलेली, म्हणजे उद्या काही नवीन निघालं, काचेची वायर म्हणा, तर दोरीला बांधून ओढता येईल. सगळे पाईप माळ्यावर नाही, पडवीमागच्या कोठीत येतात, जिथे आईला उभ्याने हात पोचतो. तिथे एक छोटा स्विच, राऊटर, डिशच्या आणि नेटच्या वायरीला विजेचा झटका अडवणारा सर्ज अरेस्टर. रॅक नाही. दादाचं म्हणणं की पाईप घातलेत तर मॅट्रिक्स पुढच्या वर्षी पण घेता येईल, आणि त्याला मी हो म्हटलंय, कारण पुढच्या वर्षी ते आणखी स्वस्त झालेलं असेल किंवा त्याची गरजच संपलेली असेल, दोन्हीत माझं काही जात नाही.

माळ्यावर दुसरा डिशचा बॉक्स लावायचा की नाही यावर मात्र अजून भांडण चालू आहे. पुतण्या म्हणतो हवाच. काका म्हणतात, कित्याक, मी खाली आसंय ना.